इंजिन बांधताना कुठे काय लावायचं? ऑइल, असेंब्ली ल्यूब आणि ती काळी पेस्ट

[भाग ३१ चं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ शक्य तितके काढलेत, काही राहिलेत. दोन ठिकाणी आकडे दुरुस्त केलेत, त्यामुळे ऐकलेलं आणि वाचलेलं यात फरक दिसला तर वाचलेलं खरं धरा.]

मागच्या भागात ब्लॉक आणि क्रँक लेथवाल्याकडून घरी आणण्यापर्यंत आपण पोचलो होतो. आज बांधायला घ्यायचं. आणि बांधायला घेतलं की पहिला प्रश्न येतो तो अगदी साधा वाटतो: पार्ट बसवताना त्याला लावायचं काय? बहुतेक गॅरेजमध्ये याचं उत्तर एका शब्दाचं आहे. ऑइल. डबा उघडा, बोट बुडवा, लावा, बसवा.

मीही तेच केलं होतं. त्यात माझा कॅमशाफ्ट गेला.

गाडी वडिलांची, ८३ सालची प्रीमियर पद्मिनी. नवीन श्रोत्यांसाठी सांगतो: फियाट ११०० ची ही भारतीय आवृत्ती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायची. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ नावाने विकली गेली. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर रॉकर. हे टॅपेट रोलरवाले नाहीत, सपाट आहेत. म्हणजे कॅमच्या लोबवर ते घासत जातात, गडगडत नाहीत. आजच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या घासण्यात आहे.

तर झालं असं. जूनमध्ये इंजिन बांधून झालं. क्रँक, कॅम, टॅपेट, सगळ्याला व्यवस्थित वीस-पन्नास ऑइल लावलं होतं. मग रेडिएटर दुरुस्तीत गेला, क्लच प्लेट मिळेना, पाऊस सुरू झाला. इंजिन ताडपत्रीखाली पडून राहिलं ते थेट दसऱ्यापर्यंत. दसऱ्याला गाडीला हार घातला, वडिलांना पुढे बसवलं आणि सेल्फ मारला. चालू झाली! पेढे वाटले. मग पंधरा-वीस मिनिटं स्लो रेसवर ठेवून मी कार्बोरेटर लावत बसलो. आवाज कसा सुरेख येतोय म्हणून शेजारीही येऊन उभे होते.

आठवडाभरात टिक-टिक सुरू झाली. टॅपेट सेट केले. चार दिवसांनी पुन्हा टिक-टिक. पुन्हा सेट केले, पुन्हा गॅप वाढलेला. तिसऱ्यांदा रॉकर कव्हर काढून डायल गेज लावला, तर तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्टचा पुशरॉड बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा उचलत होता. लोबचं टोकच घासून गेलं होतं. आणि ते घासलेलं लोखंड कुठे गेलं? ऑइलमध्ये. तिथून बेअरिंग शेलच्या मऊ थरात रुतून बसलं. म्हणजे पूर्ण इंजिन परत खोला. नवे शेल, क्रँकला पॉलिश, सगळी पॅकिंग नवी. आणि कॅमशाफ्ट? तो कुठल्या शोरूममध्ये मिळणार आता? सात महिने लागले. पुण्याचा जुना बाजार, कुर्ल्याची भंगारवाली लाइन, सगळं पालथं घातलं.

त्या सात महिन्यांत मी हा विषय समजून घेतला. ते आज सांगतो.

चालू इंजिनमध्ये काय होतं ते आधी बघू. ओल्या शहाबादी फरशीवर चप्पल घसरते, बरोबर? चप्पल आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि चप्पल त्या थरावर तरंगते. क्रँकच्या बेअरिंगमध्ये हेच होतं, फक्त आपल्या फायद्याचं. क्रँकचा जर्नल आणि शेल यांच्यात साधारण दीड-दोन थाऊचा गॅप असतो, म्हणजे ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर. पंप त्यात ऑइल पुरवतो, फिरणारा जर्नल ते ऑइल स्वतःच ओढून आपल्याखाली घेतो आणि त्याच्यावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. म्हणून चांगलं बेअरिंग लाखभर किलोमीटर चालतं.

पण यासाठी दोन गोष्टी लागतात: ऑइल पोचलेलं असणं आणि फिरण्याचा वेग. पहिल्या सेल्फला दोन्ही नसतात. पंप कोरडा, फिल्टर रिकामा, ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा रिकाम्या. ऑइल सगळीकडे पोचेपर्यंतचे काही सेकंद तुम्ही हाताने जे लावलंय त्यावरच काढायचे असतात. असेंब्ली ल्यूबचं काम एवढंच: बांधल्या दिवसापासून पहिलं ऑइल पोचेपर्यंत जागेवर टिकून राहायचं, आणि ऑइल आलं की त्यात विरघळून निघून जायचं. चिकटपणा हवा, पण कायमचा नको.

साधं ऑइल इथेच कमी पडतं. ऑइल वाईट असतं म्हणून नाही, ते थांबत नाही म्हणून. आज लावलेलं ऑइल उद्या बऱ्यापैकी जाड असतं, आठवड्याने पातळ होतं, चार महिन्यांनी खाली चेंबरमध्ये जाऊन बसलेलं असतं. वर राहतो तो नुसता ओशट हात लागल्यासारखा थर.

आमचे मिस्त्री, हडपसरचे, वडिलांची गाडी तीस वर्षं तेच बघतायत, मी त्यांना काका म्हणतो. खराब कॅम घेऊन गेलो तेव्हा काकांना विचारलं, “काका, तुम्ही तर आयुष्यभर ऑइलच लावलंत. तुमचा एकही कॅम कसा गेला नाही?” त्यांनी कॅम हातात फिरवून बघितला आणि मलाच उलटं विचारलं, “अरे, मी सकाळी बांधायचो आणि संध्याकाळी सुरू करायचो. टॅक्सीवाला बाहेर स्टुलावर बसलेला असायचा. तू किती दिवस ठेवलंस?”

चार महिने, म्हणालो. मग काहीच बोलले नाहीत.

माझ्या मते या विषयातला निम्मा वाद इथेच मिटतो. ‘ऑइल पुरतं’ म्हणणारे जुने मिस्त्री खोटं बोलत नाहीत. त्यांचं इंजिन पडून राहत नव्हतं. आपल्यासारखे हौशी लोक शनिवार-रविवारी बांधतात, मग पार्ट मिळत नाही, लग्नसराई येते, पाऊस येतो. तेव्हा काय लावायचं हे ठरवताना पहिला प्रश्न ब्रँडचा नाही. इंजिन पहिल्यांदा कधी सुरू होणार, हा आहे.

दुसरं कारणही आहे, आणि ते ऑइलच्या डब्यात आहे. जुन्या ऑइलमध्ये झिंक आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन भरपूर असायचं, झेडडीडीपी म्हणतात त्याला. दाब आणि उष्णता मिळाली की ते लोखंडावर काचेसारखा एक पातळ थर तयार करतं आणि घासला जातो तो थर, लोखंड नाही. पण फॉस्फरसमुळे सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. म्हणून नव्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये त्याच्यावर बंधन आलं. एपीआयच्या एसएम आणि एसएन दर्जाच्या पातळ ग्रेडमध्ये, म्हणजे शून्य-वीस, पाच-तीस वगैरे, फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०८ टक्के. वीस-पन्नाससारख्या जाड ग्रेडला हे वरचं बंधन लागू होत नाही. म्हणून पद्मिनीत कोणी ‘सिंथेटिक आहे, महाग आहे, चांगलंच असणार’ म्हणून पाच-तीस ओतत असेल तर कृपा करून थांबा.

आता एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला कळायला वेळ लागला. झेडडीडीपीचा थर बनायला उष्णता आणि घासणं लागतं. म्हणजे नव्या कॅमवर, पहिल्या मिनिटाला, तो थर अस्तित्वातच नसतो. ऑइल कितीही चांगलं असो. मग त्या पहिल्या मिनिटांत लोबला वाचवणारं काहीतरी वेगळं लागतं, जे आधीपासून तिथे आहे आणि गरम व्हायची वाट बघत नाही. ते म्हणजे मॉली. मोलिब्डेनम डायसल्फाइड, काळसर करडी भुकटी. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी: एकावर एक पानं, आणि पानावरून पान सहज सरकतं. कॅटवर वरून कितीही दाबा, तो पिळून बाहेर येत नाही. बाजूने ढकला, लगेच सरकतो. ऑइल दाबाखाली पिळून निघतं, मॉली राहतं.

आणि दाब किती? तुमच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण दोन किलो प्रति चौरस सेंटिमीटर. लोबचं टोक टॅपेटला टेकतं त्या बारीक रेषेवर तो हजारोंमध्ये असतो. इंजिनमधली सगळ्यात वाईट जागा हीच. क्रँकच्या बेअरिंगला पंपाचं ऑइल थेट मिळतं. लोबला मात्र मुख्यतः क्रँकने उडवलेलं ऑइल मिळतं, शिंतोड्यांवर भागवायचं. स्लो रेसवर क्रँक हळू फिरतो, शिंतोडे कमी. शिवाय हळू फिरताना स्प्रिंगचा जोर लोबच्या टोकावर सगळ्यात जास्त येतो. मी दसऱ्याला वीस मिनिटं नेमकं हेच करत बसलो होतो. हिशेब करा: ८०० आरपीएमला कॅम ४०० वेळा फिरतो. वीस मिनिटांत आठ हजार वेळा तो लोब जवळजवळ कोरडा घासला.

आता कुठे काय, ते घेऊ.

लोब आणि टॅपेटचा तळ: मॉली पेस्ट. पेस्ट, ग्रीस नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण इथे दुकानात हमखास घोळ होतो. नाना पेठेत मी ‘मॉली द्या’ म्हटलं, समोरून काळ्या ग्रीसचा डबा आला. “हेच ते, सगळे हेच नेतात.” काकांनी झाकण उघडून वास घेतला, डबा उलटा करून वाचला आणि म्हणाले, “हे एक्सलचं ग्रीस आहे, परत कर.” मॉली ग्रीसमध्ये साधारण तीन ते पाच टक्के मॉली असतं, बाकी लिथियम साबणाचं ग्रीस. ते ऑइलमध्ये नीट विरघळत नाही. गोळे होऊन चेंबरमध्ये पडतात, पंपाच्या जाळीला लागतात. पेस्टमध्ये मॉलीचं प्रमाण याच्या कितीतरी पट. मोलीकोटच्या जी-एन किंवा जी-रॅपिड पेस्ट औद्योगिक माल विकणाऱ्यांकडे मिळतात, लिक्वी मॉलीची एलएम ४८ पण याच कामाची. ट्यूब महाग वाटते, पण एका इंजिनला फारच थोडी लागते. केक आयसिंग करतोय असं लावायचं नाही. बोटाने चोळून पृष्ठभाग काळा-करडा दिसला पाहिजे, वर एक पातळ थर, बस्स.

पुशरॉडची दोन्ही टोकं आणि रॉकर जिथे वाल्व्हच्या दांडीला टेकतो ती जागा, तिथेही हीच पेस्ट, मोहरीएवढी.

आणि नवा कॅम असेल तर टॅपेट नवे, किंवा तळ नव्याने घासून घेतलेले. सपाट म्हणतो आपण त्यांना, पण नव्या टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर असतो आणि लोबला किंचित उतार असतो. त्यामुळे टॅपेट उचलला जाताना स्वतःभोवती फिरतो. एकाच जागी घासत नाही. जुना, खड्डा पडलेला टॅपेट फिरत नाही आणि नव्या लोबला खातो. जगातली कुठलीही पेस्ट त्याला वाचवत नाही. जुना कॅम तसाच ठेवणार असाल तर प्रत्येक टॅपेट आपापल्याच लोबवर परत गेला पाहिजे. खोलताना अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर घालून ठेवा.

क्रँक आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, कॅमची बेअरिंग, थ्रस्ट वॉशर: इथे मॉली पेस्ट लागत नाही. इथे ते लाल किंवा पारदर्शक, मधासारखं ओढलं जाणारं असेंब्ली ल्यूब उत्तम. बाहेरच्या देशांत रेड लाइन, परमाटेक्स असे बरेच जण ते बनवतात. आपल्याकडे ऑनलाइन मागवावं लागतं. नाही मिळालं आणि इंजिन आठ-दहा दिवसांत सुरू होणार असेल, तर बिनधास्त जाड ऑइल लावा. मी इथे कर्मठ नाही. बेअरिंगला पुढे दाबाखालचं ऑइल मिळणारच आहे.

पण शेलच्या पाठीला काही लावायचं नाही! शेलची आतली बाजू ओली, पाठ आणि ती ज्या घरात बसते ते घर पूर्ण कोरडं, पुसून लख्ख. शेल घरात दाबून धरला जातो आणि त्याच्या पाठीतून उष्णता ब्लॉकमध्ये जाते. मध्ये ऑइल राहिलं तर दोन्ही बिघडतं. मी पाहिलंय, लोक शेल ऑइलच्या वाटीत अख्खा बुडवून काढतात आणि बसवतात. करू नका.

त्यातच एक: प्लॅस्टिगेजने गॅप मोजणार असाल तर आधी मोजा, मग ल्यूब लावा. तो मेणासारखा धागा ऑइलमध्ये विरघळतो, आणि मग आलेला आकडा कशाचाच नसतो.

पिस्टन आणि रिंग. इथे उलटा नियम. मॉली नको, चिकट ल्यूब नको. नव्या रिंगला बोअरच्या होनिंगच्या बारीक रेघांवर थोडं घासलं जायलाच हवं. त्यातूनच ती बोअरला बसते. तिथे घसरगुंडी केलीत तर रिंग बसत नाही आणि गाडी आयुष्यभर ऑइल पीत राहते. निळा धूर, आणि मग दोष रिंगच्या कंपनीला. बोअरला साध्या मिनरल ऑइलचा पातळ हात, पिस्टनच्या खालच्या भागाला आणि पिनला ऑइल. पूर्वी अख्खा पिस्टन ऑइलच्या डब्यात बुडवायचे. गाडी चालतेच तशीही, पण गरज नाही.

बोअरवरून आठवलं. होनिंग करून आलेला ब्लॉक पेट्रोलने किंवा डिझेलने पुसला की स्वच्छ झाला असं आपल्याला वाटतं. नाही होत. होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांमध्ये अडकलेली असते. ती गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश यांनीच निघते. मग लगेच वाळवायचा, गंज यायच्या आत ऑइलचा हात फिरवायचा आणि पांढऱ्या सुती कापडाने पुसायचं. कापड करडं झालं, परत धुवा. पांढरं राहिलं, पुढे चला. मला तीनदा धुवावा लागला. हे ल्यूबच्या भागात का सांगतोय? कारण चिकट ल्यूब धूळ धरतं. आपल्या गल्लीतली धूळ आणि असेंब्ली ल्यूब एकत्र झालं की तयार होते घासायची पेस्ट. काम थांबवलंत की इंजिनवर मोठी प्लॅस्टिकची पिशवी, तोंड बांधून. ताडपत्री नाही, तीच धूळ झाडते.

ऑइल सीलचं ओठ ओलं, बाहेरचा घेर कोरडा. वाल्व्हच्या दांड्यांना ऑइल. टायमिंग चेनला ऑइल. पॅकिंग बसतं त्या जागा थिनरने पुसून कोरड्या. कॉपर पेस्ट एक्झॉस्टच्या नटांना ठीक, इंजिनच्या आत तिचं काम नाही.

आता नट-बोल्ट, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे. कारण इथली चूक त्या क्षणी दिसत नाही.

टॉर्क पाना काय मोजतो? तुम्ही किती जोर लावून फिरवलंत ते. आपल्याला हवं असतं वेगळंच: बोल्ट किती ताणला गेला. या दोन्हींमध्ये घर्षण बसलेलं आहे, आणि ते फार मोठं आहे. तुमच्या जोरातला ढोबळ नव्वद टक्के बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांमध्ये खर्च होतो. ताणायला उरतो दहाच टक्के. म्हणून आट्यांना काय लावलंय यावर सगळं फिरतं. हिशेबात वापरला जाणारा एक आकडा असतो: कोरड्या आट्यांना ०.२ च्या आसपास, ऑइल लावलं तर ०.१५, मॉली लावली तर ०.१२ किंवा आणखी कमी. पाना तोच, आकडा तोच, पण कोरड्याऐवजी मॉली लावलीत तर बोल्ट दीडपटीहून जास्त ताणला जातो. हेडचा बोल्ट असा ताणला तर लांब होऊन बसतो, ब्लॉकचे आटे उपटतो. उलट, पुस्तकात ऑइल लावून टॉर्क सांगितलाय आणि तुम्ही कोरडा पिळलात, तर बोल्ट पुरेसा ताणलाच जात नाही आणि दोन महिन्यांनी हेड गास्केट जातं.

म्हणून नियम एकच: मॅन्युअल जे सांगतं ते. ऑइल म्हटलं तर ऑइल, कोरडं म्हटलं तर कोरडं. रेसिंगचे बोल्ट घेतलेत, एआरपी वगैरे, तर त्यांच्यासोबत त्यांचं ल्यूब येतं आणि टॉर्कचा आकडा त्या ल्यूबचाच असतो, तेच वापरा. कॅमला लावून उरलेली पेस्ट ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून हेडच्या बोल्टला लावायची नाही. आपली काटकसर इथे नडते.

आणि ज्या बोल्टचं भोक पुढे बंद असतं, त्या भोकात ऑइल साचलेलं नको. ऑइल दाबलं जात नाही. बोल्ट आत जाताना ते ब्लॉकवर जॅकसारखं काम करतं. बिडाचा ब्लॉक असा तडकतो. हवेच्या पाइपने भोकं फुंकून घ्या, डोळ्यांवर चष्मा लावून.

शेवटचा टप्पा, सुरू करणं. दुसऱ्या वेळी मी काय केलं ते सांगतो.

पंप बसवताना त्याच्या गिअरमध्ये व्हॅसलिन भरलं. हो, आपलं ओठांना लावायचं साधं पेट्रोलियम जेली. कोरडा पंप हवा खेचत बसतो. व्हॅसलिनमुळे त्याला लगेच पकड मिळते, आणि इंजिन गरम झालं की ते वितळून ऑइलमध्ये मिसळतं. तिथे ग्रीस भरू नका.

मग ऑइल आधीच सगळीकडे पोचवायचं. साधा मार्ग म्हणजे प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारायचा. चालतो तो, पण प्रत्येक फेऱ्याला लोबवरची पेस्ट थोडी पुसली जाते. मी शेतातल्या औषध फवारणीचा छोटा हातपंप आणला. नवा कोरा, वापरलेला नाही! त्यात ऑइल भरलं, नळी ऑइल प्रेशर स्विचच्या भोकाला जोडली, पंप मारला आणि रॉकरमधून ऑइल ओघळताना दिसेपर्यंत दाब दिला. क्रँक एक फेराही न फिरता इंजिन आतून भिजलं. काका कोपऱ्यात उभे राहून बघत होते. म्हणाले, “हे आमच्या वेळी सुचलं नाही.” मला सर्टिफिकेट मिळाल्यासारखं झालं.

टायमिंग, कार्बोरेटर, पाणी, सगळं आधीच अंदाजे लावून ठेवलं, म्हणजे पहिल्या दोन सेल्फमध्ये सुरू व्हावं. सुरू झाल्याबरोबर रेस थेट दोन हजारावर. पुढची वीस ते तीस मिनिटं दोन हजार ते अडीच हजार, थोडं खाली-वर करत. स्लो रेस नाही, आवाज ऐकत बसणं नाही. गळती दिसली किंवा तापमान चढलं तर सरळ बंद करायचं आणि दुरुस्त करून परत दोन हजारावर. शेजारी म्हणाले, नव्या इंजिनला एवढं कशाला ओरडायला लावताय? त्यांना काय सांगणार.

त्यानंतर लगेच ऑइल आणि फिल्टर बदलला. निघालेलं ऑइल काळं-करडं होतं, मॉलीमुळे, ते घाबरायचं कारण नाही. त्यात चुंबक फिरवून बघितलं, बारीक काळा लेप आला, चकाकणारे तुकडे नाहीत. पाचशे किलोमीटरला पुन्हा ऑइल बदललं. तेव्हा डायल गेज लावून आठही लोब मोजले. आठही सारखे.

श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन घेतो. नाशिकहून एकांनी विचारलंय, मारुती ८०० ला हे सगळं लागतं का. तिचा कॅम वर हेडमध्ये आहे, पण रॉकरचा पॅड लोबवर घासतोच. तेव्हा लोब आणि पॅडला पेस्ट लावा, बाकी सगळं तसंच. रोलरवाल्या इंजिनांना पेस्ट लागत नाही; तिथे ऑइल किंवा असेंब्ली ल्यूब पुरतं.

दुसरा प्रश्न बाइकवाल्यांचा: इंजिनात मॉली चालेल का? ज्या बाइकमध्ये इंजिन आणि क्लच एकाच ऑइलमध्ये भिजतात तिथे जपून. लोबवर अगदी पातळ लावा आणि पहिलं ऑइल लवकर बदला, नाहीतर क्लच घसरायला लागतो.

पुढच्या भागात रेडिएटर. तोवर कोणाकडे पद्मिनीचा चांगला डिस्ट्रिब्युटर पडून असेल तर मेल करा, माझ्याकडचा आता खडखडायला लागलाय.